जवळ लावावं, लांब राखावं

खान्देशात झाड लावलं जातं जुलैत आणि मरतं पुढच्या एप्रिल-मेमध्ये. लावल्याची नोंद होते, फोटो निघतो, पाहुण्यांच्या हाती शाल-नारळ पडतो. मेल्याची नोंद कुणाच्याच दप्तरी नसते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत वृक्षलागवडीचं जे हसं झालं आहे, त्याचं मूळ या एकतर्फी जमाखर्चात आहे. जमेची बाजू गच्च भरलेली आणि खर्चाची कोरी.

राज्याचेच आकडे बघा. १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली एकदम तेहतीस कोटी. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही नेमली गेली. कोण खरं, कोण खोटं, याची उठाठेव मी इथे करणार नाही. माझी तक्रार साधी आहे : मोजायचा दिवसच चुकला. जुलैत खुपसलेली काडीसुद्धा हिरवी दिसते. झाडं मोजायची तर रोहिणी नक्षत्रात मोजावीत, मृगाचा पाऊस पडण्याआधी, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकून आलेला असतो आणि जमिनीला भेगा पडलेल्या असतात. त्या दिवशी ज्याला पान आहे ते झाड. बाकीचे खड्डे.

तापीच्या दक्षिणेचा शिंदखेडा-अमळनेरचा पट्टा धरला तर वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि त्यातल्या मोजक्याच दिवसांत. सप्टेंबरअखेर आभाळ उघडतं आणि पुढचे आठ महिने थेंब पडेलच अशी खात्री नाही. काळ्या जमिनीची आणखी एक तऱ्हा आहे. पावसाळ्यात ती रोपाला लोण्यासारखी वाटते आणि एप्रिलमध्ये तीच फाटते, ती फाटताना कोवळी मुळंही तुटतात. मुरमाड टेकडीवर भेगा पडत नाहीत, पण तिथे मुळाला खाली उतरायलाच जागा नसते. म्हणून इथे झाडाचं वय पावसाळ्यांत मोजू नये, उन्हाळ्यांत मोजावं. तीन उन्हाळे काढले की निंब सहसा आपलं आपण बघतो.

तीन उन्हाळे म्हणजे नेमकं किती पाणी? नोव्हेंबरपासून मृगापर्यंत साधारण बत्तीस आठवडे. रोपाला आठवड्याला वीस लिटर, दोन पाळ्यांत. एका रोपाला वर्षाला ६४० लिटर झाले. हजार रोपांना सहा लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या १२८ खेपा, आणि असं तीन वर्षं. ज्या नगरपालिकेनं हजार झाडांचा ठराव केला, तिनं या १२८ खेपांचं डिझेल, चालक आणि नळी धरणारा माणूस अंदाजपत्रकात धरला होता का, एवढंच विचारावं. बहुतेक ठिकाणी रोपांची किंमत धरलेली असते, खड्ड्याची असते, फलकाचीही असते. मला एकदा एका गावात म्हातारबाबांनी अहिराणीत जे सुनावलं, त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही : “झाड लाई जातस, पानी कोन टाकी?”

यावर ठरलेलं उत्तर येतं की दुष्काळी भागात माणसांना प्यायला पाणी नाही, झाडांना कुठून आणायचं. हे उत्तर तपासून बघण्यासारखं आहे. अख्ख्या राज्याची तेहतीस कोटी रोपं खरोखर लावली आणि प्रत्येकाला वर्षभर हेच ६४० लिटर दिले, तरी एकूण पाणी होतं साडेसात टीएमसीच्या आत-बाहेर. आपलं एकटं गिरणा धरण त्याच्या दुपटीहून मोठं आहे. रावेर-यावलच्या केळीच्या एका खोडाला भर उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतं, तेवढ्यात रस्त्यावरचं निंबाचं रोप आठवडा काढतं. केळीला पाणी मिळतं, कारण तिच्यामागे मालक आहे, ठिबक आहे, रात्री वीज आली की उठणारा माणूस आहे. निंबाला मिळत नाही, कारण त्याच्यामागे कुणी नाही. टंचाई आहे ती पाणी वाहून नेणाऱ्याची. टँकरचं पाणी पिणाऱ्या गावांची थट्टा मी करत नाही, त्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये रोपाला बादली मागणं निर्दयपणाचंच आहे. पण शहरांचं काय? धुळे, जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शहाद्यात न्हाणीघरांतून रोज गटारीला जाणाऱ्या पाण्यावर रस्त्याकडेची झाडं सहज पोसतील. ते पाणी नाल्यातून नदीत जातं आणि नदी नासवतं. साध्या गाळणीनंतर ते झाडाच्या आळ्यात गेलं तर झाडाची काही हरकत नसते.

माणसाच्याच मुद्द्यावर जरा थांबू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती, धुळ्याची २८५ आणि नंदुरबारची २७७. हे आकडे सरासरीचे. साक्रीच्या, शिरपूरच्या किंवा अक्राणीच्या डोंगराळ भागात गेलं की वस्त्या आणखी पांगतात, एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जायला टेकडी उतरून चढावी लागते. विरळ वस्तीच्या मुलखात मोकळी जमीन भरपूर दिसते आणि सरकारी नजरेला वाटतं, लावा इथे लाखभर रोपं. पण जागा मोकळी आहे म्हणजेच तिथे माणूस नाही. गावापासून चार किलोमीटरवरच्या बोडक्या डोंगरावर आठवड्यातून दोनदा पाणी घेऊन कोण चढणार आहे? रोप शेळीनं खाल्लं की हाकलणारा तिथे नाही, वणवा लागला तर दिसणारा नाही.

म्हणून मला जे म्हणायचं ते शीर्षकात आहे. झाडं लावायची ती माणसाच्या हाताच्या अंतरावर : दारात, शाळेत, विहिरीच्या थारोळ्याशी, बांधावर, बाजारात, एसटी स्टँडवर. जिथे हात पोचत नाही तिथे लावायच्या भानगडीत पडू नये, राखावं. राखलं तर जमीन आपलं आपण उगवते. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. लांबच्या डोंगरावर चर खणून लावतात, आणि गावातल्या जुन्या निंबाभोवती पेव्हर ब्लॉक बसवून त्याचा गळा आवळतात.

राखलं की काय होतं याचा दाखला शोधायला लांब जायला नको. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर उघडा पडला होता, बायकांना पाण्यासाठी वणवण होती. गावानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं नियम बांधले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, जंगलातून गाडी भरून आणली तर दंड, आणि राखणीला गावचे राखणदार, ज्यांचा मोबदला गावानंच द्यायचा. सरपणासाठी ठरावीक दिवस जंगल उघडायचं, तेवढ्यात वाळलेलं गोळा करायचं. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल उभं राहिलं. २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि शेजारपाड्यांतल्या बायका शेकडो प्रकारच्या भाज्या रांधून आणतात. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

आता बारीपाड्याचं नाव घेऊन भाषणं ठोकणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बारीपाडा साक्रीच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत आहे. तिथला पाऊस शिंदखेड्याच्या पावसापेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा ‘शिंदखेड्यात बारीपाडा करू’ ही घोषणा म्हणून ठीक, पण तिथलं जंगल इकडे येणार नाही. दुसरी आणि जास्त महत्त्वाची : तिथलं बहुतेक जंगल रोपवाटिकेतून आलेलं नाही. तोडलेल्या झाडांचे खुंट जमिनीत जिवंत होते. दरवर्षी त्यांना धुमारे फुटत आणि दरवर्षी गुरं-शेळ्या ते खुडून टाकत. चराई थांबली आणि धुमाऱ्यांची झाडं झाली. त्या गावातून नेण्यासारखी वस्तू आहे ती नियम आणि राखणदार. झाडाची जात ज्याच्या त्याच्या पावसानं ठरवावी.

कायदाही राखणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, तिचं पुनरुज्जीवन करण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क दिला, गौण वनोपजावर मालकी दिली. चर्चा मात्र वैयक्तिक दाव्यांचीच होते, कुणाला किती गुंठे मिळाले याची. सामूहिक हक्क पदरात पडलेल्या ग्रामसभेच्या हाती डोंगर राखायला कागद आहे. राखणदाराचा पगार नाही. तो पगार कुठून येईल ते पुढे सांगतो.

आधी फडाचं सांगायला हवं, कारण राखणदार नेमणं ही बाहेरून आणायची गोष्ट नाही. पांझरेच्या काठी साक्री-धुळे तालुक्यांत शेकडो वर्षं फड पद्धतीनं शेती भिजत आली. नदीवर एकामागून एक बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणाला कधी, हे शेतकऱ्यांचे पंच ठरवत. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या रात्रंदिवस पीक राखायचा आणि त्यांच्यावर हवालदार. या सगळ्यांचा मेहनताना शेतकरी आपल्यातून देत, पुष्कळदा धान्यात. वरच्या अंगाला धरणं झाली, पाण्याचं गणित सरकारच्या हाती गेलं आणि पद्धत मोडकळीला आली, तरी काही बंधाऱ्यांवर ती अजून धुगधुगते. विश्वेश्वरय्या तरुणपणी याच मुलखात पांझरेच्या पाण्यावर काम करून गेले. त्यांची आठवण आपण काढतो, जागल्याची काढत नाही. जागल्याच्या जोरावर मात्र एका नदीकाठची शेती चालली. हजार झाडं का चालू नयेत?

म्हणजे प्रत्येक प्रभागाला, प्रत्येक गावाला, झाडांचा एक जागल्या. त्याला रोजची मजुरी. त्याच्या ताब्यात ठरावीक झाडं, प्रत्येकाला नंबर. त्यातली किती जगली हे रोहिणीत मोजायचं आणि त्यावर वर्षाचा हिशेब. कल्पना अगदी नवी आहे असं नाही. रोजगार हमीतून फळझाडं-वनझाडं जगवण्याची जी पद्धत ‘बिहार पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते, तिच्यातही दोनशे झाडांचा गट गावातल्या गरजू कुटुंबांकडे देतात आणि मजुरी जगलेल्या झाडांच्या प्रमाणात पडते. पद्धत चांगली. ती राबवायची तर वेळेवर मजुरी द्यायला लागते, आणि तिथे माशी शिंकते. तीन-तीन महिने हजेरीपत्रक अडकलं की मजूर गुजरातच्या ऊसतोडीला निघून जातो आणि झाडांचा एप्रिल बेवारस होतो. दोष मजुराचा काढायचा असेल तर काढा, पण त्याच्या जागी आपण काय केलं असतं हेही सांगा.

मजुरीबरोबर हक्कही हवा. रस्त्याकडेच्या चिंचांचा लिलाव आजही होतो, पैसे कुठल्यातरी शीर्षाखाली जमा होतात आणि ज्या बाईच्या झोपडीसमोर ती चिंच आहे तिला चिंचोकाही मिळत नाही. उद्या कुणी फांदी तोडली तर ती कशाला आडवी येईल? चिंच, बोर, जांभूळ, सीताफळ, आणि निंबाच्या निंबोळ्या ही जागल्याची व्हावीत. निंबोळीला गिऱ्हाईक आहे, जूनमध्ये पोती भरून गोळा होते. जळगावच्या मेहरूणची बोरं एके काळी नावाजलेली. शहर वाढलं आणि तिथल्या बोरी आवरत गेल्या, कारण प्लॉटला भाव आला आणि बोराला तेवढा कधीच नव्हता. झाडातून चार पैसे मिळत असतील तर त्याला वाली मिळतो, मिळत नसतील तर पर्यावरण दिनाची प्रतिज्ञा पुरत नाही.

झाड कुठलं लावावं यावर आपल्याकडे फार वाद घालतात आणि शेवटी रोपवाटिकेत जे शिल्लक असेल ते लावतात. गुलमोहर मेमध्ये देखणा दिसतो, वादळात मोडतो. निलगिरी-सुबाभूळ लावण्याचा सपाटा सामाजिक वनीकरणाच्या पहिल्या काळात होऊन गेला. हल्ली सुशोभीकरणात कोनोकार्पस हे परदेशी झाड शिरलं होतं, गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. मला विचाराल तर शहरातल्या झाडाची परीक्षा मेच्या दुपारी घ्यावी. पळस, सालई, धावडा ही आपली रानातली गुणी झाडं, पण उन्हाळ्यात ती पानं टाकून स्वस्थ बसतात. रानात ते शहाणपणाचं आहे, रस्त्यावर त्यांचा उपयोग नाही. निंब फाल्गुन-चैत्रात पालवतो, करंज तेव्हाच लख्ख हिरवा होतो, चिंच, वड, पिंपळ, उंबर सावली धरून असतात. शहराला ही लावावीत. वडा-पिंपळाला जागा लागते, ती नसेल तर निंब आणि करंज.

आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यातल्या मुरमाड टेकड्यांवर, अंजन. हे झाड खान्देशानं विसरू नये. आपट्यासारखी जोडपानं, लोखंडासारखं जड लाकूड, आणि दुष्काळात गुरांना पाला. त्याच्या वाढीची रीत जवळून बघण्यासारखी आहे. बी चपट्या शेंगेच्या टोकाला असतं, उरलेली शेंग म्हणजे वाऱ्यावर उडायचा पंखा. बी रुजलं की वर चार-दोन पानं येतात आणि झाड थांबल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, मेलं की काय. ते खाली चाललेलं असतं. सोटमूळ आधी खडक फोडून ओलीपर्यंत जातं, मग वरचं झाड हलतं. आता हेच बी रोपवाटिकेत वीतभर काळ्या पिशवीत टाका. सोटमूळ महिन्या-दोन महिन्यांत तळाला टेकतं, वळतं, गुंडाळी करतं. वर्षानं पिशवी फाडून लावतात तेव्हा वर फूटभर झाड छान दिसतं आणि खाली मुळाची चुंबळ झालेली असते. तसं झाड पावसाळ्यात टिकतं आणि पहिल्याच एप्रिलमध्ये जातं, मग शेरा पडतो की अंजन लागत नाही. अंजनाला पिशवीच नको. पहिल्या दमदार पावसानंतर जागेवर बी टोकावं, वर काट्या टाकाव्यात आणि गुरं लांब ठेवावीत. अडचण एवढीच की टोकलेल्या बियांसोबत फोटो काढता येत नाही आणि बियांच्या खरेदीचं टेंडर फार मोठं होत नाही.

मियावाकी पद्धतीचंही खूळ आलं आहे, म्हणून दोन शब्द. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ही दाट लागवड बसवली, चौरस मीटरला तीनेक रोपं, दोन-तीन वर्षं पाणी-खुरपणी, मग जंगल आपलं आपण. जपानच्या दमट हवेत ते जमतं. आपल्या पानगळीच्या शुष्क जंगलात झाडं हात-दोन हात नव्हे, चांगली अंतर राखून उभी असतात, कारण जमिनीखालचं पाणी वाटून प्यायचं असतं. शहरात एखाद्या कोपऱ्यात गटारीच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर गंमत म्हणून करायला हरकत नाही. माळावर करू नये.

शहरातली सावली ही आपल्याकडे शोभेची वस्तू समजतात. बाग केली की नगरपालिकेचं कर्तव्य संपलं, आणि बाग दुपारी बंद असते! सावली लागते ती सकाळी मजूर अड्ड्यावर काम मिळेपर्यंत उभ्या राहणाऱ्याला, सावद्याला केळीच्या गाड्या भरणाऱ्या हमालाला, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांना, सरकारी दवाखान्याबाहेर डबा घेऊन थांबलेल्या नातेवाइकांना. यातल्या एकाही ठिकाणी सुशोभीकरणाचा निधी पोचत नाही. पंचेचाळीस अंशात ही माणसं एसटीच्या पत्र्याखाली बसतात, पत्रा तापून आणखी भाजतो. झाडं लावायच्या जागांची यादी बागेच्या अधिकाऱ्यानं करू नये, हमालांच्या टोळीप्रमुखाला आणि रिक्षा स्टँडवाल्यांना विचारून करावी. जिथे माणूस दिवसभर थांबतो तिथे झाडाला राखणदारही फुकट मिळतो. चहाच्या टपरीशेजारचं झाड सहसा मरत नाही, ग्लास विसळलेलं पाणी त्याच्या बुंध्याशीच पडतं.

आहेत ती झाडं मारणं बंद करणं हे तर सर्वांत स्वस्त वृक्षारोपण. आग्रा रोड असो की सुरत-नागपूर महामार्ग, चौपदरी होताना दोन्ही कडांची जुनी निंबं आणि चिंचा गेल्या. शहरांत झाडांचा कायदा १९७५ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. ती जगवण्याची जबाबदारीही घातली. साठ वर्षांचा निंब गेला की साठ रोपं. कागदावर न्याय झाला. पण साठ रोपं म्हणजे आठवड्याला बाराशे लिटर, तीन उन्हाळे, आणि तेही गावाबाहेरच्या कुठल्यातरी आरक्षित भूखंडावर, जिथे हमाल नाही आणि टपरीही नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं. तेवढं एक मीटर आपल्या नगरपालिकांनी स्वतःहून मोकळं केलं तरी शेकडो झाडांना पावसाचं पाणी मिळेल, आणि त्याला ना रोप लागतं ना खड्डा.

आता या लेखावर येणारा खरा आक्षेप. ‘राखा’ म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्यापासून राखायचं तोही आपलाच माणूस आहे. साक्री-शिंदखेडा पट्ट्यातले ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या माळावर मेंढ्या घेऊन फिरतात. डोंगर बंद, कुरण बंद, लागवड झाली म्हणून चार-पाच वर्षं प्रवेश बंद. मेंढी काय खाणार? वनरक्षकाशी त्यांची भांडणं होतात, दंड होतो, आणि आमच्यासारखे लिहिणारे शहरात बसून चराईबंदीचं कौतुक करतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझा माळावरच्या लागवडीला विरोध आहे. माळरान म्हणजे नापीक, ओसाड, झाडांवाचून रडणारी जमीन, हा समज इंग्रजांच्या महसुली वहीतून आपल्याकडे आला आणि अजून गेलेला नाही. पवन्या, मारवेल, कुसळी यांचं कुरण हे आपल्या पावसाला शोभणारं पीक आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखालचं कुरण एवढ्याचसाठी ओळखलं जातं. अशा माळावर यंत्रानं चर मारले, गवताची मुळं उलटली, वर रोपं लावली आणि ती मेली, की गवतही गेलं आणि झाडही नाही. उरते ती टणटणी आणि वेडी बाभूळ.

माळावर करायचं ते एवढंच की कुरणाचे तुकडे पाळीपाळीनं बंद-उघडे ठेवायचे, आणि कुठला तुकडा कधी उघडायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत ठेलाऱ्यांना बोलवायचं. मेंढपाळ सहा महिने बाहेर असतो, ग्रामसभा भरते तेव्हा तो गावात नसतो, म्हणून त्याचं मत धरलंच जात नाही. बैठकीची तारीख त्याच्या परतीच्या महिन्यात घेणं इतकं अवघड नाही. बारीपाड्याचा नियम टिकला, कारण ज्यांच्यावर बंदी आली त्यांनीच ती घातली होती. बाहेरच्यानं घातलेली बंदी रात्री मोडते.

राहिला पैसा. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तिनं हिशेब केला तर वर्षाचे ३६५ दिवस एका जागल्याला १,१३,८८० रुपये होतात. तो पाचशे झाडं सांभाळू शकतो : आठवड्याला दहा हजार लिटर, म्हणजे दोन टँकर, आणि आळी करणं, काट्या सावरणं. झाडामागे वर्षाला २२८ रुपये पडले, तीन उन्हाळ्यांचे ६८४. टँकरचं डिझेल वेगळं. नगरपालिकांकडे यासाठी नवा कर लावायचीही गरज नाही, घरपट्टीच्या बिलात वृक्षकर म्हणून एक ओळ असतेच, आपण ती भरतोही, आणि ती रक्कम कशावर जाते हे विचारत नाही. पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाकडून ते विचारून घ्यावं, आणि त्याच कागदावर ट्री गार्डचा दर बघावा. दात्याचं नाव रंगवलेलं ते लोखंडी पिंजरं एका झाडाला या ६८४ रुपयांहून महाग पडतं, झाड मेल्यावरही उभं राहतं आणि एखाद्या रात्री भंगारात जातं. ते पैसे जागल्याला द्यावेत. कुंपणाला बोरीच्या काट्या पुरतात, त्या चोरायला कुणी येत नाही.